पुसून पुसून लाल

लेकीच्या कानाचं दुखणं निघालं आणि सात दिवसांचं अँटिबायोटिक सुरू झालं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, कान ओढणं थांबलं, आणि आम्ही दोघांनी हुश्श केलं. चौथ्या दिवशी शी पातळ झाली. दिवसाला सहा, मग आठ. एकदा तर नवा डायपर घालून चिकटपट्टी दाबतोय तोवर आतून तो ओळखीचा आवाज आला. नऊ महिन्यांच्या पोरीला त्याचं काय, ती माझ्याकडे बघून हसली.

पाचव्या दिवशी दुपारी हसणं बंद झालं. डायपर उघडला तर दोन्ही कुल्ले आणि पुढचा फुगीर भाग लालभडक, चकचकीत. जांघेच्या घडीत मात्र कातडी नेहमीच्याच रंगाची. घडीचं ते मी नुसतं पाहिलं. त्याचा अर्थ कळायला आणखी चार दिवस जायचे होते.

मग मी पुसायला बसलो. घाणीने झालंय ना, तर घाणीचा कणही राहता कामा नये, एवढाच विचार डोक्यात. वाइप्सचं पुडकं जवळ ओढलं, आणि घडीघडीतून, वरून खाली, वाइप पांढराशुभ्र परत येईपर्यंत पुसत राहिलो. एका बदलीला दहा-बारा वाइप्स, दिवसाला आठ-नऊ बदल्या, हिशेब तुम्हीच करा. संध्याकाळपर्यंत लालीवर बारीक ओल दिसायला लागली, वरची कातडी सोलवटल्यासारखी झाली. आणि मला वाटत होतं की अजून नीट पुसलं जात नाहीये.

रात्री अकराला पुन्हा पुडकं उघडलं. त्याचं झाकण उघडताना 'टक्' असा आवाज येतो. वाइप अजून माझ्या हातातही नव्हता, आणि लेक किंचाळून रडायला लागली. पाय पोटाशी, मुठी आवळलेल्या. नुसत्या त्या 'टक्'ला. मी झाकण बंद केलं आणि तिला उचलून घेतलं, तर माझ्या छातीला पाय लावून मागे ढकलायला लागली. हिला शीचं काही नाही, डायपरचंही नाही, हिने माझ्या हाताची धास्ती घेतलीये, हे तेव्हा कळलं. त्या रात्री उरलेल्या सगळ्या बदल्या बायकोने केल्या. मी दिवा धरायला उभा.

सकाळी डॉक्टरांना फोन केला. कानाचं औषध दिलेल्या त्याच मॅडम. ताप आहे का, फोड आलेत का, पू किंवा रक्त येतंय का, दूध पिते का, शू नेहमीइतकी होते का, असं सगळं विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पुसता कशाने?" सांगितलं. "किती?" तेही सांगितलं. पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग आवाज आला, "भाजलेल्या जागेवरून तुम्ही दिवसातून नव्वद वेळा कापड फिरवलं असतं का?"

हिशेब त्यांनी माझ्याआधी केला होता.

अँटिबायोटिक मनाने बंद करू नका, तीन दिवस घरी सांगते तसं करा, फरक नाही पडला किंवा फोड, पू, ताप, असं काही दिसलं तर वाट न बघता आणा, असं म्हणाल्या. आणि मग जे होतंय ते का होतंय हे पाच मिनिटांत इतकं नीट समजावलं की फोन ठेवल्यावर मी बायकोला तेच पुन्हा सांगितलं, आणि दुपारी आईलाही.

आपण ऐकत आलोय की शूने आग होते. शूचा वाटा आहेच, पण तो एकटीचा नाही. अन्न पचवायला आतड्यात जी एन्झाइम्स सुटतात, प्रथिनं तोडणारी, चरबी तोडणारी, ती थोडीफार शीतूनही बाहेर येतात. एरवी बाहेर पडेपर्यंत त्यांचा जोर बराच ओसरतो. जुलाब लागले की सगळं भरभर पुढे सरकतं आणि ती ताज्या दमाने बाहेर पडतात. त्वचा स्वतः किंचित आम्ल असते, पीएच साधारण ५ ते ५.५ (सातच्या खाली आम्ल, वर उलटं). शू आणि शी एकत्र झाली की शीतले जंतू शूमधल्या युरियाचा अमोनिया करतात, पीएच वर चढतो, आणि तो चढला की त्या एन्झाइम्सना आणखी चेव येतो. म्हणजे जे अन्न पचवायला नेमलं होतं ते पोरीची कातडी पचवायला बसतं. त्यात ओलीने कातडी फुगलेली, पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांसारखी. अशा कातडीवरून काहीही फिरलं की ती निघून येणारच. साध्या साबणाचा पीएच असतो ९ ते १०. तोही मी दिवसातून दोनदा लावत होतो, हे मी मॅडमना फोनवर सांगितलं नाही. इथे सांगतोय.

फोन ठेवल्यावर वाइप्सच्या पुडक्याची मागची बाजू पहिल्यांदाच वाचली. आमच्यात अल्कोहोल नव्हतं, पण सुगंध होता. मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचा एक टिकाऊपणासाठी घालायचा पदार्थ असतो, तोही शोधला. (नाव तीन दमांत वाचलं.) त्याने इतक्या लोकांच्या त्वचेला अॅलर्जी झाली होती की अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने 2013 साली त्याला 'वर्षातला अॅलर्जीकारक' जाहीर केलं होतं. आमच्या पुडक्यात तो नव्हता. दोष पुडक्यापेक्षा पुसणाऱ्याचाच जास्त होता.

मग नवा कारभार सुरू झाला. त्यात निम्म्याहून जास्त गोष्टी 'करू नका' अशाच होत्या, आणि त्याच जड गेल्या.

धुण्यापासून सुरुवात. पोरीला डाव्या हातावर पालथी घ्यायची, टबावर धरायची आणि उजव्या हाताने मगातलं कोमट पाणी नुसतं ओतायचं. हात लावायचा नाही. पहिल्या वेळी पाणी माझ्या बाहीतून कोपरापर्यंत आत गेलं आणि थोडं पोरीच्या पाठीवरून मानेकडे. दुसऱ्या वेळी मी बाही वर केली आणि तिची मान थोडी उंच धरली. कुठे चिकटलेलं राहिलंच तर कापसाचा ओला बोळा त्यावर ठेवायचा, दहा आकडे मोजायचे, उचलायचा. ठेवायचा आणि उचलायचा, सरकवायचा नाही. कोरडं करायचं तेही टिपून, शाईवर टीपकागद ठेवतात तसं. माझा हात मात्र पुन्हा पुन्हा आपोआप पुसायला निघायचा. बायको शेजारी उभी राहून म्हणायची, "टिप. टिप. अरे टिप ना." शेवटी मीच तोंडाने 'टिप टिप' म्हणत करायला लागलो. लेकीला ते कुठलंतरी गाणं वाटलं असावं.

त्यानंतर हवा. जमिनीवर मेणकापड, त्यावर टॉवेल, त्यावर उघडी पोर, पंधरा मिनिटं, दिवसातून जमेल तितक्या वेळा. हे ज्याने सुचवलं त्याने तीन महिन्यांचं बाळ डोळ्यांपुढे ठेवलं असणार. रांगणारी पोर टॉवेलवर पंधरा सेकंद थांबत नाही. ती पुढे, मी मागे, हातात दुपटं. पहिल्या दिवशी शू सोफ्याखाली झाली, दुसऱ्या दिवशी माझ्या चार्जरवर. पण एक पाहिलं. उघडी असताना ती रडत नव्हती. कण्हत नव्हती. मागून बघितलं तर ते दोन लाल गोळे डुलत डुलत चाललेत, आणि मालकीण खुशीत.

"बघ, मी काय म्हणत होते?" आई म्हणाली. आईचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं, "उघडी ठेव पोरीला." ते खरं ठरलं. तिचं दुसरंही एक म्हणणं होतं, पावडर लाव. तिच्या हातात डबा होता, आणि हे जरा नाजूक प्रकरण झालं. टाल्कम पावडर इतकी बारीक असते की डबा हलवला की ती हवेत तरंगते, आणि बाळाच्या श्वासातून फुफ्फुसात जाऊ शकते. शिवाय ओलीत तिच्या गुठळ्या होतात आणि त्या घासतात. हे सगळं आईला सांगताना माझा सूर चुकला. "तुला लावून लावूनच मोठा केला," एवढं म्हणून ती आत गेली. संध्याकाळी मी तिला उन्हाच्या तिरिपेत डबा एकदा हलवून दाखवला. पावडरीचा ढग बराच वेळ खाली बसला नाही. ती बघत राहिली, मग डबा स्वतःच कपाटात ठेवला आणि म्हणाली, "पण कापडी लंगोट तरी बांधू दे." दिवसा बांधला. तो ओला झाला की लगेच कळायचा, म्हणून लगेच बदलला जायचा. हा त्याचा खरा फायदा.

कारण डायपरने मला फसवलं होतं. त्यात सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे कण असतात, ते शू पितात आणि जेली होऊन बसतात. आतून बोट लावून बघावं तर कोरडं. मी समाधानी. पण शीला ते कण काय करणार? ती कातडीलाच लागून राहते. आता नियम असा झाला की शी झाली की त्याच क्षणी, एरवी दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. आणि एक माप मोठा डायपर, सैल लावलेला, म्हणजे घासायचाही नाही आणि थोडी हवाही खेळेल.

आता मलम. घरातली ट्यूब होती तिच्यात झिंक ऑक्साइड 10 टक्के. मॅडमनी 40 टक्केवाली पेस्ट आणायला सांगितली होती. उघडली तर दगडासारखी घट्ट. बोटावर घेतली की बोट सोडायला तयार नाही. मलम म्हटलं की आपला हात चोळायला जातो, जिरवायला जातो. इथे जिरवायचं काही नसतंच. ही भिंत आहे. कातडी आणि शी यांच्या मध्ये उभी करायची. म्हणून गिलावा करतात तसं थापायचं, इतकं की खालचा लाल रंग दिसता कामा नये. त्यावर पेट्रोलियम जेलीचा एक हात, म्हणजे डायपरला चिकटत नाही.

खरी परीक्षा पुढच्या बदलीला होती. शी झाली, ती त्या पांढऱ्या थरावर पसरलेली. मला ते सगळं काढून लख्ख करायचं होतं. मॅडमनी बजावलं होतं, "वरचा मळलेला थर तेवढा उचला. खालचा पांढरा राहू द्या. त्याच्यावरच नवा लावा." मी जुन्यावर नवं लावतोय, मळक्या भिंतीला रंग दिल्यासारखं, आणि आतून कुणीतरी ओरडतंय की ही अस्वच्छता आहे! तो जो आतला आवाज आहे ना, त्यानेच पोरीचं ढुंगण सोललं होतं. दिवसातून एकदा सगळं काढावंसं वाटलं तर कापसावर मिनरल ऑइल घेऊन. पेस्ट तेलात विरघळल्यासारखी सुटून येते. पाण्याने ती हलत नाही, आणि हलत नाही म्हणूनच तिचा उपयोग.

मधल्या काळात मेव्हण्याचा फोन. त्याच्या घरी एक ट्यूब आहे, एका रात्रीत जातं, मोठ्या मुलाला लावली होती, घेऊन येतो. घेऊन आला. मागे बारीक अक्षरांत तीन औषधं होती, त्यातलं एक बीटामेथासोन. फोटो काढून मॅडमना पाठवला. उत्तर दोन शब्दांचं आलं: "अजिबात नाही." नंतर खुलासा. हे जोरदार स्टेरॉइड आहे. बाळाची त्वचा पातळ, त्यात डायपर म्हणजे वरून लावलेलं झाकण, आणि झाकणाखाली औषध कितीतरी जास्त आत शिरतं. एका रात्रीत लाली जाते ती खरीच, पण कातडी आणखी पातळ होत जाते, जंतुसंसर्ग झाकला जातो, आणि बरेच दिवस लावलं तर अंगातही भिनू शकतं. स्टेरॉइड वाईटच असं त्या म्हणाल्या नाहीत. सौम्य आणि मोजक्या दिवसांचं त्या स्वतःही कधी कधी देतात. पण शेजारच्या कपाटातून आलेलं नको. मेव्हण्याला वाईट वाटलं. चहा प्यायला आणि ट्यूब घेऊन गेला.

दोन दिवसांत ओल थांबली. लाली फिकी पडली, सोलवटलेल्या कडांना कोवळी कातडी धरली. तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिकचा शेवटचा डोस झाला, शीही घट्ट व्हायला लागली. मी बायकोला म्हटलं, जिंकलो.

चौथ्या सकाळी डायपर उघडला आणि घडी लाल. तीच जांघेची घडी, जी पहिल्या दिवशी साफ होती. आता आतवर गडद लाल, कच्च्या मांसासारखी, आणि लालीची कड अगदी रेघ मारल्यासारखी. त्या कडेबाहेर, मांडीकडे, टाचणीच्या डोक्याएवढे सुटे सुटे लाल ठिपके. मी आधी ते पुसून बघायला निघालो. सवय! बायकोने मनगट धरलं.

दवाखान्यात मॅडमनी घडी उलगडून पाहिली आणि बाहेरच्या ठिपक्यांवर पेन फिरवत म्हणाल्या, "हे सॅटेलाइट." ग्रहाभोवतीचे उपग्रह. कँडिडा नावाची बुरशी. ती पोटात एरवीही थोडी असतेच. अँटिबायोटिकने तिला दाबून ठेवणारे जंतू मारले की तिला रान मोकळं. त्यात ऊब, ओल आणि सोललेली कातडी. नुसत्या शी-शूची रॅश जिथे डायपर टेकतो, घासतो तिथे होते, घडी त्यातून बहुधा वाचते. बुरशीला घडीच लागते. पहिल्या दिवशी मी पाहिलेल्या त्या घडीचा हा अर्थ होता. तेव्हाची रॅश वेगळी होती, आताची वेगळी, आणि झिंकच्या भिंतीने ही दुसरी जाणार नव्हती. मग त्यांनी लेकीचं तोंड उघडून गालाच्या आतून आणि जिभेवर बॅटरी मारली. बुरशी तोंडातही असू शकते, पांढरे चट्टे, दुधासारखेच दिसणारे, पण पुसून न जाणारे. तोंड स्वच्छ निघालं.

क्लोट्रिमॅझोलचं क्रीम मिळालं. हे मात्र पातळ, अगदी नखाएवढं, आणि घडीच्या आतपर्यंत. दिवसातून दोनदा, कोरड्या कातडीवर. थोडं थांबून वरून नेहमीची पेस्ट. "लाली गेली म्हणून बंद करायचं नाही, मी सांगेन तेव्हा बंद," हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. बायकोकडे बघून नाही.

बाकी सगळं तेच चालू. मगातलं पाणी, बोळा, टिप टिप, मेणकापड. रात्री एक आणि चारचा गजर. बदलताना मी तिच्या तोंडाकडे बघायचो. डायपरवर डोकं खुपसून तपासत बसण्यापेक्षा तोंडावरून जास्त कळतं. पाणी लागलं की ती आधी श्वास रोखायची. तो रोखलेला श्वास कधी रडण्यात फुटायचा, कधी नुसताच सुटायचा. क्रीमच्या पहिल्या दिवशी फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी फुटला, संध्याकाळी सुटला. तिसऱ्या दिवशी तिने श्वास रोखलाच नाही, मगातल्या पाण्याला हात घालायला बघत होती. ठिपके सुकून त्यांच्यावर भुसा आल्यासारखं दिसायला लागलं.

चौथ्या रात्री चारच्या गजराला उठलो. खोलीत छोटा दिवा. चिकटपट्टी सोडली, तिचा तो 'चर्र' आवाज झाला, मी थबकलो. काही नाही. पाय उचलले, ओला डायपर काढला, बोळा ठेवला, दहा मोजले, उचलला. टिपलं. क्रीम, पेस्ट, नवा डायपर, सैल. तिने झोपेतच ओठ चोखल्यासारखे हलवले आणि मान दुसरीकडे टाकली.

सकाळी बायकोने डोळे उघडले आणि घड्याळ बघून दचकली. "चारला उठलीच नाही का रे ती?"

"मी उठलो होतो."

"आणि ती?"

"ती नाही."